१.३ या आकड्यावर किती विसंबायचं? दुखापतीच्या एका लोकप्रिय सूत्राची झाडाझडती



पेट निघाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, आणि त्यात एखादा नवा, वजनदार निर्देशांक घालावा म्हणजे समितीसमोर बरं दिसेल असं वाटतंय, अशा सगळ्यांसाठी आजची पोस्ट. मी नेमकं हेच केलं होतं. नंतर ते सगळं प्रकरण काढून टाकावं लागलं. का काढावं लागलं ते सांगते, म्हणजे तुमचे सहा महिने वाचतील.

माझा विषय पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या पायाच्या दुखापती. नागपुरात पहाटे पाच वाजता कुठल्याही मोठ्या मैदानावर जा, ही पोरं दिसतात. काही गावाकडून येऊन खोली करून राहिलेली, काही रात्री डिलिव्हरीचं काम करून थेट मैदानावर आलेली. आपण 'स्पर्धात्मक फिटनेस' म्हटलं की जिममधले आरसे आणि प्रोटीनचे डबे डोळ्यांसमोर येतात. पण महाराष्ट्रात सेकंदासेकंदाला गुण मिळणारी सगळ्यात मोठी फिटनेस स्पर्धा पाहायची असेल तर ती हीच आहे. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक. एकूण ५० गुण, त्यातले २० लांब धावण्याचे. मैदानात निम्मे गुण नाही मिळाले तर लेखीचा प्रश्नच येत नाही.

आणि हे जिवावर बेतू शकतं हेही आपण पाहिलंय. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत त्रास होऊन काही उमेदवार दगावले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. उन्हाचा झटका आणि नडगीचं दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत, मला माहीत आहे. पण 'किती ताण, किती लवकर' हा प्रश्न दोन्हीच्या मुळाशी आहे.

एका सकाळी मैदानावर एका मुलाने मला विचारलं, "ताई, नडगी दुखून राहिली तीन आठवड्यांपासून. पण थांबलो तर सगळा स्टॅमिना जाईल ना. किती धावू सांगा." माझ्याकडे तेव्हा एक आकडा तयार होता. १.३. तो सांगायला तोंड उघडलं आणि सांगता आला नाही. का, ते आता बघू.

हे सूत्र आहे तरी काय?

नाव मोठं आहे: ॲक्यूट-क्रॉनिक वर्कलोड रेशो. काम सोपं आहे. या आठवड्यात तुम्ही किती ताण घेतला, त्याला गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीने भागायचं. उत्तर १ आलं तर नेहमीइतकाच सराव. १ च्या वर गेलं तर नेहमीपेक्षा जास्त.

२०१४ मध्ये बिली ह्युलिन आणि सहकाऱ्यांनी २८ वेगवान गोलंदाजांची सहा वर्षांची माहिती घेऊन दाखवलं की एखाद्या आठवड्याचा भार नेहमीच्या मानाने फार उसळला की त्यानंतरच्या आठवड्यात दुखापतीचं प्रमाण वाढतं. २०१६ मध्ये टिम गॅबेट यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये क्रिकेट, ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि रग्बी लीग या तीन खेळांची माहिती एकत्र करून एक आलेख मांडला. रेशो ०.८ ते १.३ असेल तर सुरक्षित पट्टा, १.५ च्या वर गेला तर धोक्याचा पट्टा. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या निवेदनातही हा विचार आला. मग प्रशिक्षकांच्या एक्सेल शीटमध्ये, ॲपमध्ये, आणि शेवटी आमच्यासारख्यांच्या सिनॉप्सिसमध्ये.

गॅबेट यांच्यावर अन्याय नको. त्या लेखातला मुख्य मुद्दा १.३ हा नव्हताच. त्यांचं म्हणणं असं की जास्त सराव आपोआप वाईट नसतो. हळूहळू वाढवत नेलेला भरपूर सराव शरीराला उलट टणक करतो. त्रास होतो तो उसळीचा. 'आराम कर, आराम कर' एवढंच सांगणाऱ्यांना हे उत्तर होतं, आणि मैदानावर उभं राहून पाहिलं तर ते पटतं. पण लोकांनी लेखातला विचार मागे ठेवला आणि आकडा उचलला.

पहिली अडचण: अपूर्णांक उघडून बघा

मला आकडेमोड फार जमत नाही, म्हणून मी साध्या उदाहरणांनी केली. तुम्हीही कागद घ्या.

एक मुलगी गेले तीन आठवडे ३० किलोमीटर धावतेय. या आठवड्यात ४२ धावली. चार आठवड्यांची सरासरी ३३. रेशो ४२ भागिले ३३, म्हणजे १.२७. सुरक्षित!

दुसरी मुलगी तीन आठवडे ४ किलोमीटर धावली, या आठवड्यात ६. सरासरी ४.५. रेशो १.३३. पट्ट्याच्या बाहेर!

म्हणजे १२ किलोमीटर वाढवणारी सुरक्षित आणि २ किलोमीटर वाढवणारी बाहेर. टक्केवारीत पहिलीची वाढ ४० आणि दुसरीची ५०. दोन्ही उड्याच आहेत, पण सूत्राने मधेच रेघ मारली.

आता तिसरा मुलगा घ्या. पेरणीच्या दिवसांत गावी गेला, तीन आठवडे शून्य. परत येऊन या आठवड्यात धावला. किती? काहीही असो, २ किलोमीटर असो की ४०, रेशो बरोबर ४ च येतो. कारण खालची सरासरी म्हणजे याच आठवड्याचा चौथा हिस्सा. ज्याला मार्गदर्शनाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याबद्दल सूत्राकडे सांगायला काहीच नाही.

हे का होतं? कारण चालू आठवडा वरही आहे आणि खालीही आहे. याला गणिती जोडणी म्हणतात. २०१९ मध्ये लोरेन्झो लोली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा मांडणीत वरच्या आणि खालच्या संख्येत एक खोटा सहसंबंध आपोआप तयार होतो, खेळाडूंचा त्यात काही संबंध नसतानाही. यावर उपाय म्हणून काहींनी चालू आठवडा खालून वगळला. त्याने खोटा सहसंबंध जातो, पण दुसरा प्रश्न तसाच राहतो. ५ भागिले ५ म्हणजे १, आणि ६० भागिले ६० म्हणजेही १. भागाकार केला की मूळ भार किती होता हे पुसलं जातं. मग दर आठवड्याला ५ धावणारा आणि ६० धावणारा यांचा धोका सारखा धरायचा का? फ्रँको इम्पेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या समीक्षेत या सूत्राच्या संकल्पनेवरच बोट ठेवलं.

इथे एक आणखी खाच आहे, आणि ती तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. नडगी दुखायला लागली की पोरगा आपोआप कमी धावतो. त्या आठवड्याचा रेशो खाली येतो. पुढच्या आठवड्यात तो बसतो आणि आपण वहीत 'दुखापत' लिहितो. आता विश्लेषणात काय दिसणार? कमी रेशोनंतर दुखापत. खरं तर दुखणं आधी आलं, रेशो नंतर घसरला. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली.

दुसरी अडचण: भार म्हणजे नेमकं काय मोजलं?

मी किलोमीटर मोजणार होते. सोपं असतं. पण भरतीच्या सरावात १०० मीटरच्या दहा फेऱ्या म्हणजे फक्त १ किलोमीटर, आणि मांडीच्या मागच्या स्नायूला ज्या गोष्टी त्रास देतात त्या बहुतेक त्याच एका किलोमीटरमध्ये घडतात. गोळाफेकीचे किलोमीटर शून्य.

शिवाय नागपूर. जानेवारीतल्या पहाटेचे ६ किलोमीटर आणि पारा ४५ अंशांपर्यंत चढतो त्या मे महिन्यातले ६ किलोमीटर, सूत्राला दोन्ही सारखेच. पृष्ठभागाचंही तेच. मातीचं मैदान, डांबरी रस्ता आणि सिंथेटिक ट्रॅक, तिन्हीकडे किलोमीटर एकच.

यावर कार्ल फॉस्टर यांची एक जुनी, स्वस्त पद्धत आहे. सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचं, ० ते १० मध्ये किती जड गेलं? त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. ४० मिनिटं, ७ जड, म्हणजे २८०. घड्याळ नको, ॲप नको. ऊन, झोप, मैदान यांचा परिणाम त्या 'किती जड' मध्ये थोडाफार येतो. परिपूर्ण नाही. हाडावर किती ताण आला हे श्वास किती फुलला यावरून कळत नाही. पण निदान गोळाफेक शून्य होत नाही.

हाडाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नव्याने धावणाऱ्याचं हृदय आणि फुप्फुस काही आठवड्यांत सुधारतं, दम लागत नाही, पोरगा खूश होऊन अंतर वाढवतो. हाड मात्र आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं, आणि या पूर्ण फेऱ्याला काही महिने लागतात. म्हणजे दम साथ देतोय आणि नडगी देत नाही, असा एक काळ येतोच. त्या मुलाचं दुखणं त्याच काळातलं असू शकत होतं. आठवड्याच्या रेशोत हे दोन वेग वेगळे दिसत नाहीत.

तिसरी अडचण: हे कुणाचं शरीर?

२८ वेगवान गोलंदाज. व्यावसायिक रग्बी खेळाडू. त्यांना फिजिओ आहे, जेवण आहे, झोप आहे, करार आहे. आमच्या पोरांकडे वयोमर्यादा आहे. मी त्यांचा आकडा घेऊन रात्री दोन वाजता शेवटची ऑर्डर पोचवून पाचला मैदानावर आलेल्या मुलाला लावणार होते. माझ्या गाइडने एवढंच विचारलं, "खालचा आकडा एवढाच असला तरी रात्रीची झोप तेवढीच आहे का?" मी गप्प.

चौथी अडचण: ओळखता आलं म्हणून टाळता येतं का?

समजा रेशो आणि दुखापत यांचा संबंध खरा आहे. तरी रेशो सांभाळल्याने दुखापत कमी होते हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे आणि बघायचं.

नॉर्वेत हे झालं. ३४ संघांतले ४८२ युवा फुटबॉलपटू. काही संघांनी दहा महिने या रेशोनुसार सराव आखला, बाकीच्यांनी नेहमीसारखा. २०२१ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत आरोग्याच्या तक्रारींचं प्रमाण जवळपास सारखं.

माझ्या विषयाला त्याहून जवळचा अभ्यास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा, २००८ चा. इडा बुइस्ट आणि सहकाऱ्यांनी ४ मैलांच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या ५३२ नवख्या धावपटूंचे दोन गट केले. एका गटाला १३ आठवड्यांचा, आठवड्याला साधारण १० टक्क्यांनी वाढणारा कार्यक्रम. दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा. दुखापतींचं प्रमाण? २०.८ टक्के आणि २०.३ टक्के. सगळ्या धावपटूंना पाठ असलेल्या '१० टक्क्यांच्या नियमा'चा काही फायदा दिसला नाही.

इथेच आपण विद्यार्थी घाई करतो. 'म्हणजे हळूहळू वाढवायची गरज नाही' असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. चूक. त्या अभ्यासात दोन्ही गटांना आखलेला कार्यक्रम होता, एक संथ आणि एक थोडा कमी संथ. 'आज जाहिरात आली, उद्यापासून ८ किलोमीटर' असा गट त्यात नव्हताच. आणि आमच्या मैदानावर बहुतेक पोरं नेमकी त्याच तिसऱ्या गटातली. नॉर्वेच्या अभ्यासातही दुसऱ्या गटाचे प्रशिक्षक काही बेफिकीर नव्हते. ते आपल्या अनुभवाने सराव आखतच होते. एखादं सूत्र उपयोगी ठरलं नाही याचा अर्थ उसळी निरुपद्रवी आहे असा होत नाही.

मग नवा अभ्यास काय म्हणतो?

२०२५ मध्ये त्याच ब्रिटिश जर्नलमध्ये फ्रँडसेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ५,२०५ धावपटू, १८ महिने, घड्याळातून घेतलेली माहिती. त्यांनी आठवडा सोडून एकेक धाव बघितली. गेल्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा आजची धाव किती लांब? १० टक्क्यांहून जास्त लांब गेली की धोका वाढलेला दिसला. १० ते ३० टक्क्यांच्या उडीला १.६४ पट, ३० ते १०० टक्क्यांच्या उडीला १.५२ पट, दुपटीहून जास्त असेल तर २.२८ पट. आठवड्याच्या बेरजेशी मात्र असा संबंध दिसला नाही, आणि आपला रेशो तर उलट्या दिशेला गेला.

मला हे वाचून आनंद झाला, आणि आनंद झाला की सावध व्हायचं हे आता शिकलेय. आकडे पुन्हा बघा. मधल्या उडीचा धोका लहान उडीपेक्षा किंचित कमी कसा? डोस वाढला तर परिणाम वाढायला हवा ना? योगायोग असेल, किंवा मोठी उडी मारणारे लोक मुळातच वेगळे असतील. सहभागींचं सरासरी वय सेहेचाळीसच्या आसपास, बहुसंख्य पुरुष, सगळ्यांकडे महागडं घड्याळ. दुखापत त्यांनी स्वतः कळवलेली. चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. तरीही मला या अभ्यासाची मांडणी आवडते, कारण तिच्यात भागाकार कमी आणि पोराला समजेल असा प्रश्न जास्त आहे: 'महिन्याभरात सगळ्यात लांब किती धावलास?'

आणि एक अभ्यास, जो मी सगळ्यात आधी वाचायला हवा होता. इस्रायली सैन्यातल्या नव्या भरतीच्या मुलांची हाडं सरावात तडकायची. फाइनस्टोन आणि मिलग्रोम यांनी २००८ मध्ये २५ वर्षांच्या प्रयत्नांचा आढावा लिहिला. त्यात रोज किमान ६ तासांची झोप सक्तीची करणं आणि एकूण चालण्याचं अंतर कमी करणं, यानंतर अशा तडे जाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटल्याचं ते सांगतात. वय जवळचं, परिस्थिती जवळची. पण टीका करायचीच तर इथेही करा: दोन बदल एकत्र केले, मग श्रेय झोपेला द्यायचं की अंतराला? वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्यांची तुलना आहे, मधल्या काळात आणखी काय बदललं कुणास ठाऊक. तरी माझ्या वहीत झोपेचा रकाना नव्हता, तो या लेखामुळे आला.

शेवटी मी काय केलं

सिनॉप्सिसमधून रेशो हा मुख्य चल काढला. आता रोज चार गोष्टी नोंदवते: किती मिनिटं, किती जड, आजची सगळ्यात लांब धाव, रात्री किती तास झोप. दुखापतीची व्याख्या आधीच लिहून ठेवली: दुखण्यामुळे सलग एक आठवडा ठरलेला सराव करता आला नाही तर दुखापत. नाहीतर 'थोडं दुखून राहिलं' आणि 'चालता येत नाही' एकाच रकान्यात जातात.

तुम्ही कुठलाही निर्देशांक उसना घ्याल तेव्हा समितीच्या आधी स्वतःला विचारा. वर काय आहे आणि खाली काय आहे? तीच गोष्ट दोन्हीकडे आहे का? ही माणसं कोण होती आणि माझी कोण आहेत? हा आकडा बदलला तर परिणाम बदलतो, असं कुणी करून पाहिलंय का? माझ्या रेशोचे पहिल्याच प्रश्नाला पाय लटपटले.

त्या मुलाला मी किलोमीटर सांगितले नाहीत. विचारलं, बोटाने नेमकी जागा दाखवता येते का. त्याने नडगीवर एका रुपयाएवढी जागा दाखवली. रात्री झोपेतही ठणकतं म्हणाला. लांब पट्टाभर दुखणं वेगळं आणि असं एका जागी, विश्रांतीतही दुखणं वेगळं. त्याला म्हटलं, धावणं आजपासून बंद, आधी हाडाच्या डॉक्टरला दाखव, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी 'काही नाही' असं समजून पुन्हा धावू नको. तोवर गोळा फेकत राहा, तेही दुखलं नाही तर. तो म्हणाला, "मंग भरतीचं काय जी?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण खोटं १.३ सांगण्यापेक्षा ते बरं.

गृहपाठ: एक्सेल उघडा. एका रकान्यात १००० ओळींपर्यंत यादृच्छिक संख्या घ्या, तो झाला चालू आठवडा. शेजारी तसेच आणखी तीन रकाने, ते मागचे आठवडे. पाचव्या रकान्यात चारही रकान्यांची सरासरी काढा. आता पहिल्या आणि पाचव्या रकान्याचा सहसंबंध काढा. संख्यांचा एकमेकींशी काही संबंध नसताना उत्तर ०.५ च्या आसपास येईल. मग पहिला रकाना सरासरीतून वगळून पुन्हा काढा, शून्याजवळ येईल. नाही आलं, तर सूत्र तपासा.